काचेच्या टाकीतली जीवदया



आपल्या घरात माशांची काचेची टाकी असावी की नसावी, याबद्दलचं माझं मत आधीच सांगते. नसावी. ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावत नाहीत, सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही, त्या घरात एका पंचेंद्रिय जीवाला शोभेसाठी चार काचांत कोंडून ठेवणं मला पटत नाही. पण एवढंच म्हणून थांबले तर लेख सोपा होईल आणि उपयोगाचा राहणार नाही. कारण टाक्या आपल्या घरांत आहेतच. काही मुलांच्या हट्टापायी आल्या, काही वाढदिवसाला कुणी भेट दिल्या, काही वास्तूच्या नावाखाली आल्या. मुलं शिकायला पुण्या-बेंगळुरूला जातात आणि टाकी घरातल्या बाईच्या वाट्याला येते. तिला आधीच शंभर कामं. मग वर्ष-दीड वर्ष कमी झालेलं पाणी वरून भरायचं आणि चिमूटभर खाणं टाकायचं, एवढंच होतं. काच हिरवी होते, तळाशी गाळ साचतो. सणाच्या तोंडावर ती टाकी डोळ्यांत खुपते आणि एके दिवशी सगळी रिकामी करून, घासून, लख्ख केली जाते. त्यानंतर आठवड्याभरात मासे मरायला लागतात.

हे का होतं, तेव्हा काय करायचं आणि आपल्या धर्माच्या दृष्टीनं त्या माशांशी आपलं काय नातं लागतं, याबद्दल मला बोलायचं आहे.

दशलक्षण पर्वाच्या आधी माझ्या धाकट्या जावेकडे, सांगलीला, अगदी हेच झालं. दोन फुटी टाकी, साधारण सत्तर लिटर पाणी, चार गोल्डफिश. पुतण्यानं कॉलेजात असताना आणलेले. तो आता नोकरीसाठी बाहेर. जावेनं माशांच्या दुकानातून साफसफाईला माणूस बोलावला. त्यानं मासे बादलीत काढले, सगळं पाणी मोरीत सोडलं, तळाची खडी उकळत्या पाण्यानं धुतली, फिल्टरमधला काळा पडलेला स्पंज फेकून नवा बसवला, नळाचं पाणी भरलं, निळ्या औषधाचे थेंब टाकले आणि पैसे घेऊन गेला. टाकी आरशासारखी झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मासा गेला. चौथ्या दिवशी जावेचा फोन आला, "अक्का, तिन्ही मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत. काहीतरी करा."

ओळखीतले प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांच्याकडून मी सगळं समजून घेतलं. मी कॉमर्सवाली, त्यामुळे मला ते जमाखर्चासारखंच समजलं.

मासा श्वासावाटे आणि मलमूत्रावाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं, कुजलेलं खाणंही त्यात भर घालतं. अमोनिया माशाला विष आहे, त्यानं कल्ले भाजतात. नदीत तो वाहून जातो, टाकीत जागा नाही. मग टाकीत इतके दिवस मासे जगतात कसे? तर फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर अतिसूक्ष्म जिवाणूंचा थर असतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे काही नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बऱ्याच प्रमाणात माशाला सोसतं, आणि पाणी थोडं थोडं बदललं की निघून जातं. म्हणजे रोज अमोनिया जमा होतो आणि रोज तो खर्ची पडतो. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते पृष्ठभागाला चिकटून असतात. म्हणून त्या माणसानं फेकलेला काळा स्पंज आणि उकळत्या पाण्यानं धुतलेली खडी, हाच त्या टाकीचा खर्चाचा हात होता. तो छाटला. जमा चालू राहिली, खर्च थांबला.

दुसरी गोष्ट त्याहून लक्षात ठेवण्यासारखी. वर्षानुवर्षं पाणी न बदललेल्या टाकीतलं पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जातं. मासे त्यात बेतानं का होईना, रुळलेले असतात. आम्ल पाण्यात अमोनिया अशा रूपात राहतो की माशाला त्याची फारशी बाधा होत नाही. आपण कळवळून एकदम अर्धं पाणी बदलतो. आपलं नळाचं, बोअरचं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी. पाण्याचा पीएच सातावरून आठावर गेला, की त्याच अमोनियातला विषारी हिस्सा सुमारे दहापट होतो. सगळंच पाणी बदललं, तर एका पाण्याची सवय झालेल्या माशाला क्षणात दुसऱ्या पाण्यात टाकल्याचा धक्का बसतो. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की पाणीपुरवठ्यात ते जास्त घालावं लागतं, आणि आपली पर्वाची साफसफाई नेमकी त्याच दिवसांत येते. क्लोरीन माशाचे कल्लेही जाळतं आणि उरलेसुरले जिवाणूही मारतं.

थोडक्यात, दीड वर्षाची हेळसांड सोसलेला मासा एका दिवसाच्या स्वच्छतेनं मरतो.

जावेच्या घरी हे बोलणं चाललं असताना सासूबाई पाटावर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. नव्वदीला आल्या आहेत. त्या म्हणाल्या, "एवढा व्याप कशाला? कृष्णामाईत सोडून द्या त्यांना. सुटतील बिचारे." आपल्या समाजात दहातल्या नऊ जणी हेच म्हणतील, कारण सोडून देणं म्हणजे अभयदान, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. मी त्यांना विचारलं, "आत्ती, माळ्यावरची ती तळाला कडी असलेली बादली कशाची हो?"

तुमच्यापैकी ज्यांचं बालपण विहिरीच्या पाण्यावर गेलं, त्यांना ती आठवत असेल. पाणी दुहेरी गाळण्यातून गाळायचं. गाळण्यावर जे सूक्ष्म जीव राहतात ती जिवाणी. गाळलेल्याच पाण्यानं गाळणं उलटं धुऊन ती जिवाणी त्या बादलीत घ्यायची, बादली विहिरीत पाण्याच्या पातळीपर्यंत सोडायची आणि खालच्या कडीला बांधलेल्या दोरीनं अलगद उलटी करायची. वरून ओतायची नाही, जिवांना मार लागतो. आणि ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत. दुसऱ्या विहिरीत नाही, नदीत नाही, कारण एका पाण्याचे जीव दुसऱ्या पाण्यात तगत नाहीत.

सासूबाई जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे हे कृष्णेचे नव्हेतच."

नव्हेतच. गोल्डफिश मूळचा चीनचा. हजार वर्षांपूर्वी तिथं माणसानं तळ्यातल्या साध्या माशांतून रंगीत निवडून निवडून तो तयार केला. आपल्याकडे दुकानांत येणारे गोड्या पाण्यातले शोभेचे बरेचसे मासे चेन्नईजवळच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी टाक्यांत वाढवलेले असतात. नदी त्यांनी कधी पाहिलेली नाही. लालभडक रंगाचा, गुबगुबीत, सावकाश पोहणारा हा मासा नदीत सोडला तर बगळ्या-खंड्याला आयताच मिळेल. आणि जगलाच, तर इतर माशांची अंडी खाईल, आपल्या अंगावरचे रोग तिथल्या माशांना देईल. सकर नावाचा टाकीतला काच चाटणारा मासा तुम्ही पाहिला असेल. हा दक्षिण अमेरिकेतला. हौशी लोकांनी तो मोठा झाला म्हणून तळ्या-नद्यांत सोडला आणि आज कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळ जागांपासून आंध्र-तेलंगणापर्यंत तो पसरला आहे. त्याच्या काटेरी अंगानं कोळ्यांची जाळी फाटतात, तिथल्या मूळच्या माशांचं अन्न आणि जागा जाते. एक जीव सोडल्याचं पुण्य हिशेबात धरायचं तर पुढचे हजारो जीव कुठल्या खात्यावर टाकायचे? मंदिराच्या विहिरीत मासे सोडणाऱ्या मैत्रिणींनीही याचा विचार करावा.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यातले तीन या टाकीला तंतोतंत लागू पडतात असं मला वाटतं. बंध, म्हणजे कोंडून किंवा बांधून ठेवणं. अतिभारारोपण, म्हणजे झेपेल त्यापेक्षा जास्त भार. हा भार बैलाच्या पाठीवरचाच असतो असं नाही. सत्तर लिटर पाण्यावर चार गोल्डफिश हाही भारच आहे, फक्त तो त्या पाण्यावर आहे. आणि अन्नपाननिरोध, म्हणजे खाण्यापिण्यात अडथळा आणणं. माशाचं पाणी बिघडवणं याहून मोठा पाननिरोध कुठला? गंमत म्हणजे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही हेच मुद्दे आहेत: अपुऱ्या जागेत कोंडणं, मालकानं अन्नपाणी न देणं, उपाशीतापाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणं. त्या कायद्यात प्राणी या शब्दात माणूस सोडून प्रत्येक जीव येतो, म्हणजे मासाही आला. मग घरात आलेल्या माशाला आपण पाळीव गाईच्या जागी धरायला हवं. गाय आटली म्हणून कुणी तिला रानात हाकललं, तर आपण त्याला जीवदया म्हणणार नाही. पांजरपोळं त्यासाठीच उभी राहिली.

तर त्या तीन माशांना आम्ही टाकीतच वाचवायचं ठरवलं. काय केलं ते सविस्तर सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी खाणं बंद. दोन दिवस पूर्ण, पुढे दिवसाआड अगदी थोडं. आपल्याला हे निर्दयपणाचं वाटतं, पण निरोगी गोल्डफिश काही दिवस उपाशी सहज राहतो, आणि जे पोटात जाणार नाही त्याचा अमोनिया होणार नाही. अन्नपाननिरोधाचं आत्ताच म्हटलं आणि लगेच उपास कसा, असं विचाराल, तर हा वैद्यानं सांगितलेल्या लंघनासारखा उपास. त्याबरोबरच हवेचा पंप चोवीस तास चालू ठेवला.

मग पाणी. आता टाकीत नळाचंच पाणी असल्यामुळे पुन्हा धक्का बसायची भीती नव्हती, म्हणून रोज तिसरा हिस्सा पाणी बदललं. नवं पाणी आदल्या दिवशी बादल्यांत उघडं भरून ठेवायचं आणि त्यात क्लोरीन काढणारे थेंब टाकायचे. काही शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, ते नुसतं पाणी उघडं ठेवून जात नाही, म्हणून थेंब लागतातच. पाणी ओतताना हळू, बशीवर धार धरून. दर लिटरला एक ग्रॅम या हिशेबानं खडेमीठ विरघळवून घातलं, कारण मिठातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट माशाच्या रक्तात शिरायला अटकाव होतो. पुढे जेवढं पाणी काढलं तेवढ्यापुरतंच मीठ नव्या पाण्यात घालायचं, नाहीतर मीठ वाढत जातं. निळं औषध पुन्हा टाकलं नाही. ते फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारतं.

सगळ्यात मोठी मदत झाली ती एका जुन्या स्पंजची. प्राध्यापकांच्या घरी निरोगी टाकी आहे. तिच्या फिल्टरमधला अर्धा स्पंज त्यांनी त्यांच्याच टाकीच्या पाण्यात भिजवून डब्यातून दिला, आणि तासाभरात तो आमच्या फिल्टरमध्ये गेला. दिसायला अगदी घाण, तपकिरी, बुळबुळीत. जाऊ म्हणाली, "अक्का, एवढे पैसे देऊन हेच तर काढलं होतं!" तेच होतं. हा थर शून्यापासून तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि जुना स्पंज मिळाला तर तो काळ बराच कमी होतो. पण स्पंज निरोगी टाकीतलाच हवा, नाहीतर त्याबरोबर रोगही येतो.

पाणी तपासायचे थेंब मिळतात, परीक्षानळीत रंग बघायचा. मी एक वही केली. पहिल्या दिवशी अमोनिया 2. आठव्या दिवशी अमोनिया 1 आणि नायट्राइट दिसू लागलं. बाराव्या दिवशी अमोनिया अर्ध्यावर आणि नायट्राइट 2. तो दिवस सगळ्यात वाईट गेला, सर्वांत लहान मासा तळाशी एका कुशीवर पडून होता. तेव्हा दिवसातून दोनदा पाणी बदललं. तेविसाव्या दिवशी दोन्ही रकान्यांत शून्य आलं आणि नायट्रेटचा रंग चढला. ताळेबंद जुळल्यावर होतो तसा आनंद मला त्या दिवशी झाला. तिन्ही मासे वाचले. नंतर जावेनं तीन फुटी टाकी घेतली, आणि जुना स्पंज व जुनी खडी न धुता तिच्यात नेली.

हे सगळं टाळता आलं असतं का? हो. ज्यांची टाकी आज हेळसांड झालेल्या अवस्थेत आहे, त्यांनी एका दिवसात काहीही करू नये. रोज दहावा हिस्सा पाणी बदलावं, असं दोनेक आठवडे. तळाचा गाळ थोडा थोडा नळीनं ओढावा. एका आठवड्यात काच, पुढच्या आठवड्यात खडी. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच दाबून धुवावा, नळाखाली नाही. साबण, पावडर टाकीच्या आसपासही नको. पुढे आठवड्याला चौथाई पाणी बदललं की टाकी नीट राहते. हे काम अर्ध्या तासाचं आहे, आणि ते घरातल्या एकाच बाईचं नाही. ज्यानं मासे आणले त्याचंही आहे.

आता जरा कटू बोलते. टाकीतला मासा मेला की आपल्याकडे म्हणतात, "घरावरचं संकट माशानं आपल्यावर घेतलं." आठ लाल आणि एक काळा, असे नऊ मासे ठेवायला सांगणारेही आहेत. मासा मेला की नवा आणून संख्या पूर्ण करायची. मैत्रिणींनो, आपला धर्म कर्माचं फळ ज्याचं त्यालाच भोगायला लावतो. आपलं संकट एका मुक्या जिवाच्या मरणानं टळतं असं मानणं हे मिथ्यात्व आहे, आणि बळी देण्याहून ते फार वेगळं नाही. तो मासा अमोनियानं मेला. संकट त्याच्यावरच आलं होतं आणि ते आपल्या घरातूनच आलं होतं.

खाण्याचाही विचार करा. माशांच्या खाण्याच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक डब्यांत माशांचीच भुकटी असते. आपण शिंगाड्याच्या पिठाचं पाकीटसुद्धा पारखून घेतो आणि हा डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवतो. गोल्डफिश सर्वभक्षी आहे. उकडून साल काढलेला वाटाणा, उकडलेला पालक तो आवडीनं खातो. जाऊ आता बरंचसं तेच देते. पण फायटरसारखे मासे मांसाहारीच आहेत, त्यांना जिवंत किडे किंवा त्यांच्यापासून केलेलं खाणं लागतं. ते घरात आणलं की तो प्रश्नही आपणच घरात आणला.

म्हणून माझं सांगणं तीन गोष्टींचं. नवे मासे आणू नका. वाढदिवसाच्या परतभेटीत काचेच्या वाडग्यातला मासा देऊ नका, कुणी देऊ केला तर नम्रपणे नको म्हणा. मेलेल्या माशाच्या जागी दुसरा आणू नका, टाकी आपोआप रिकामी होऊ द्या. आणि आज जे आहेत त्यांना शेवटपर्यंत सांभाळा. गोल्डफिश नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो, ही जबाबदारी तेवढी लांब आहे. झेपत नसेल तर नदीत, विहिरीत न सोडता, मोठी टाकी किंवा हौद असलेल्या जाणत्या माणसाकडे सोपवा, आणि नेताना त्याच टाकीचं पाणी बरोबर द्या.

क्षमावाणीच्या दिवशी आपण चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या जिवांची क्षमा मागतो. त्यातला एखादा आपल्याच बैठकीच्या खोलीत काचेमागे असेल, तर त्या दिवशी त्याचं पाणीही बघा.